गोडेबाबांचा गोडा समुद्र

जुन्या धक्क्यावर त्या सकाळी इतकी दाटी होती, की कुणाला शिंक आलीच असती तर आधी शेजाऱ्याची परवानगी काढावी लागली असती. बेकरीवाला भट्टी तशीच टाकून, दुखरा पाय ओढत आला होता. टपालवाला पत्रांची पिशवी पोटाशी धरून उभा होता. ज्यांची पत्रं होती ते सगळे त्याच्या अवतीभवतीच उभे होते, पण ती वाटून टाकावीत असं काही त्याच्या मनात येत नव्हतं. आणि सगळ्यांच्या पुढे, थेट पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्यांच्या तोंडाशी, माईंनी जागा पटकावली होती.

माई म्हणजे बंदराच्या फाटकासमोर ताडपत्र्या शिवतात त्या. होड्यांची आच्छादनं, दुकानांचे पडदे, जहाजांची निशाणं, सगळं त्यांच्या मशीनखालून जायचं. कापडवाल्याने बोटभर कापड कमी दिलं, तर माई भर बाजारात टेप काढून कापडाबरोबर त्याची अब्रूही मोजून दाखवत. अशा बाईला कुणी गंडवील, यावर गावात कुणी पैज लावली नसती. पण गंडायला माणूस बावळटच असावा लागतो असं थोडंच आहे? रोज सकाळी रक्तदाबाची गोळी गिळायचा कंटाळा आलेला असला, तरी पुरतं.

शेवटच्या पायरीवर गोडेबाबा उभे होते. निळी कफनी, छातीपर्यंत दाढी, हातात पितळी वाडगा.

"समुद्रा," बाबांनी शाळा बुडवणाऱ्या पोराला मारावी तशी हाक मारली, "किती दिवस खारट राहशील रे? माझ्या तपाने शिखरावरचा बर्फ वितळला. सात डोंगरांच्या पोटातून माझं पाणी निघालं. दार उघड त्याला."

मागे, धक्क्याच्या कडेला एका लोखंडी झाकणावर बाबांचा मौनी शिष्य बसला होता. पायघोळ शालीत गुरफटलेला, डोळे मिटलेले. बाबांनी हाक मारली की त्याचे खांदे हलू लागत. बाबांची हाक तो श्वासाने पुढे ढकलतो, असं जाणकार सांगत. जाणकार कोण, ते मात्र कुणी सांगत नसे.

बाबांनी वाडगा समुद्रात बुडवला आणि माईंच्या ओंजळीत ओतला. माईंनी घोट घेतला. पाणी गोडं होतं. खारटपणाची अगदी पुसटशी झाक, एवढंच. गर्दीतून एक लांब उसासा निघाला.

"औषध आणि माझं पाणी एका पोटात नांदत नाहीत," बाबा म्हणाले. "ज्याचा विश्वास गोळीवर, त्याने गोळीकडेच जावं."

माईंनी गोळ्या केव्हाच बंद केल्या होत्या. नुसत्या आपल्या नाही. साखरेच्या आजाराच्या गोळ्या घेणाऱ्या बेकरीवाल्याला हाताला धरून इथे त्यांनीच आणलं होतं, आणि त्यानेही माईंचं बघून आपलं पाकीट केराच्या डब्यात टाकलं होतं. त्याच्या पायाच्या अंगठ्याची जखम भरायचं नाव घेत नव्हती. बाबांच्या मते ती आतली घाण बाहेर टाकत होती.

घरी लेक वाट बघत होती. लेक बंदराच्या पाणी-प्रयोगशाळेत कामाला. गावावरच्या टेकडीवर एक मोठा उथळ तलाव आहे. त्याचं पाणी कालव्याने बंदरात उतरतं. बंदरात कुठे किती तलाव आणि किती समुद्र, हे मोजणं हे तिचं काम.

"आई, गोळी घेतलीस?"

"घेतली की."

"पाकीट तर तसंच आहे."

"मग विचारतेस कशाला?"

लेकीने आईच्या दंडाला पट्टा गुंडाळला आणि दाब मोजला. आकडा बघून तिने पुन्हा मोजला.

"आई, हा आकडा चांगला नाही. काल जिन्यात भोवळ आली ती यामुळेच. मला भीती वाटते गं."

"बाबा म्हणतात, रक्ताचा दाब असा काही नसतोच. असतो तो शंकेचा दाब."

"मग तुझ्या बाबांना सांग, माझाही वाढलाय."

खिडकीत तांब्याच्या भांड्यात बाबांचं पाणी ठेवलेलं होतं. उघडं, कारण त्याला ऊन लागलं की गुण वाढतो, असं बाबांनी सांगितलेलं. लेकीने त्यातलं थोडं बाटलीत भरून नेलं. दुसऱ्या संध्याकाळी ती आली तीच नाचत.

"तुझं हे शिखरावरचं पाणी आपल्या तलावाचं आहे."

"ते का मशीनने कानात सांगितलं?"

"सांगितलंच. पाणी पाणी सगळं सारखं नसतं, आई. त्यातले काही कण इतरांपेक्षा जरा जड असतात. विषारी नाही, काही नाही, नुसते वजनाने जड. ढग समुद्रावरून निघाला की वाटेत जड कण आधी पावसात टाकत जातो, म्हणून उंच शिखरावर पडतो तो बर्फ सगळ्यात हलका. तलावाचं उलटं. दिवसभर ऊन खातो, हलके कण आधी वाफ होऊन उडतात, जड मागे राहतात. समुद्र या दोघांच्या मध्ये. आता तुझे बाबा म्हणतात बर्फ, आणि मशीन म्हणतं जड. काय समजायचं?"

"मशीन बिघडलं असं समजायचं," माई म्हणाल्या आणि सुईत दोरा ओवू लागल्या.

तिसऱ्या दिवशी लेक आली ती मान खाली घालून. चपलासुद्धा सावकाश काढल्या.

"आई, माझं चुकलं."

"काय मोडलंस?"

"मोडलं नाही. ते कालचं उत्तर चूक होतं. आमच्या प्रयोगशाळेच्या बाईंनी विचारलं, भांडं कुठे होतं? म्हटलं, खिडकीत. झाकलेलं? म्हटलं, उघडं. हसल्या त्या. उघडं पाणी आठवडाभर उन्हात राहिलं की हलकं उडून जातं, खाली जड राहतं. बर्फाचं पाणी ठेवलं असतं तरी तलावासारखंच दिसलं असतं. नोकरीला लागल्या दिवशी पहिला धडा हाच शिकवतात, आणि मी घाईत तोच विसरले."

"म्हणजे बर्फाचं असू शकतं?"

"असू शकतं. नसूही शकतं. आज मला माहीत नाही."

माईंचा शिवणाच्या मशीनवरचा पाय थांबला. जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण तो होईना. इतके दिवस त्या धक्क्यावर जात होत्या, बाबा एकदाही चुकले नव्हते. कुणाचा गुडघा बरा झाला तर तो बाबांमुळे, नाही झाला तर भक्ताच्या शंकेमुळे. आणि ही कार्टी, कुणी घरापर्यंत जाब विचारायला आलेलं नसताना, आपण होऊन सांगतेय की माझं चुकलं.

"बरं," माई म्हणाल्या. "तू बाबांची परीक्षा घेतेस ना? आधी मी तुझ्या मशीनची घेते. पाच बाटल्यांत पाच पाणी भरून देईन. कशात काय, ते फक्त मला ठाऊक. सगळी ओळखलीस, तर तू म्हणशील ती गोळी घेईन. एक जरी चुकलीस, तर या घरात गोळीचं नाव काढायचं नाही."

पैज मशीनची नव्हती, आईच्या जिवाची होती. "नाही" म्हटलं असतं तरी आई गोळी घेणार नव्हतीच.

"चालेल," लेक म्हणाली. "पण भरायचं मी सांगते तसं. बाटली पाण्याखाली बुडवून भरायची, बूचही पाण्याखालीच लावायचं. आत एक बुडबुडा राहता कामा नये."

"बोटभर ताडपत्री तिरकी गेली तर मी उसवून परत शिवते. मला सांगतेस बुडबुडा?"

पुढचे दोन दिवस माई भलत्याच खुशीत होत्या. बसने टेकडीवर जाऊन आल्या. धक्क्याच्या टोकावरून बादली सोडून समुद्राचं पाणी काढून आल्या. सकाळी बाबांनी समुद्राला हाक मारल्यावर त्यांच्या पायरीवर वाकून, भक्तिभावाने पदराआड बाटली बुडवली. स्वयंपाकघराचं दार लावून त्यांनी आत काहीतरी खुडबुड केली. शेवटी पाच बाटल्यांच्या गळ्यांना पाच रंगांचे दोरे बांधून त्या लेकीबरोबर स्वतःच प्रयोगशाळेत गेल्या. मशीनवर नजर ठेवायला दुसऱ्या कुणावर त्यांचा विश्वास नव्हता.

मशीन बघून त्यांची निराशाच झाली. बेकरीतल्या ट्रेएवढी पेटी, वर एक सुई. सुई बाटलीत उतरायची, घोटभर पाणी ओढायची, आत उजेडाच्या किरणाने कण तपासले जायचे आणि पडद्यावर आकडे उमटायचे. प्रयोगशाळेच्या बाई चष्मा पुसत शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"लाल दोरा," लेक म्हणाली, "नळाचं पाणी."

माईंनी चेहऱ्याची इस्त्री मोडू दिली नाही.

"पांढरा, तलाव. पिवळा..." लेक अडखळली. तिने पुन्हा सुई उतरवली, मग बाटलीतला थेंब जिभेला लावला आणि तोंड वाकडं केलं. "हे खारट आहे. समुद्रासारखं खारट. पण कण तर हलके आहेत, थेट नळासारखे. आई, यात मीठ कालवलंस तू."

"मूठभर," माई म्हणाल्या. "बघत होते, तुझं मशीन चवीला भुलतं का."

"सुईत मीठ साचलं तर ती तुम्हीच साफ करून द्यायची हं, माई," बाई हसत म्हणाल्या.

हिरव्या दोऱ्याला लेकीने बराच वेळ घेतला. जड ऑक्सिजन वेगळा बघितला, जड हायड्रोजन वेगळा बघितला, मीठ किती ते बघितलं. "हे एक पाणी नाहीच. अर्धा तलाव, अर्धा समुद्र."

"एक पेला तो, एक पेला हा," माई पुटपुटल्या. मशीनबद्दल नाही म्हटलं तरी त्यांना जरा आदर वाटायला लागला होता.

राहिला निळा दोरा. आकडे उमटले. लेक आईकडे न बघता म्हणाली, "नऊ भाग तलाव, एक भाग समुद्र. बर्फ नाही. थेंबभरही नाही."

माईंना कुणावर तरी ओरडायचं होतं, पण ओरडणार कुणावर? बाटली त्यांनीच भरली होती, बूच त्यांनीच लावलं होतं, दोराही त्यांचाच.

"एक सांगू?" बाई हळूच म्हणाल्या. "आपल्या नळाला येतं ते नदीचं पाणी. ती नदी उंच डोंगरांतून येते, बर्फ वितळून. शिखराचंच पाणी प्यायचं असेल, तर ते तुमच्या मोरीत आहे. पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय."

"गोळी दे," माई लेकीला म्हणाल्या. लेकीच्या पर्समध्ये ती होतीच. नळाच्या पाण्याबरोबर माईंनी ती गिळली. मग एकदम खाली बसल्या. "अगं, त्या बेकरीवाल्याला तिथे मीच घेऊन गेले. त्याचा अंगठा काळा पडायला लागलाय. परवा दाखवला मला, आणि मी म्हटलं, घाण बाहेर पडतेय."

त्या उठल्या त्या थेट बेकरीत गेल्या. सगळं सांगितलं. जड कण, हलके कण, पाच दोरे. बेकरीवाल्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "माई, तलावाचं पाणी समुद्रात गोडं ठेवलं, हा तर त्याहून मोठा चमत्कार झाला की."

अज्ञानाला उत्तर देता येतं, उत्साहाला कसं द्यावं?

उत्तर प्रयोगशाळेच्या बाईंच्या डोक्यात आलं. कालव्यातून आलेलं पाणी पायऱ्यांपर्यंत पोहोचेस्तोवर समुद्रात कधीच मिसळून जायला हवं. ते नऊ भाग शुद्ध मिळतं, म्हणजे त्याचं तोंड पायऱ्यांजवळच कुठेतरी असणार. त्यांनी बंदराच्या पाइप-मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्री म्हणाला, "जुनी लाइन आहे ना. नदीचं पाणी यायच्या आधी जहाजांना तलावाचं पाणी द्यायचे. बंद पडून जमाना झाला. पायऱ्यांखाली तोंड, आणि चावीचं चाक धक्क्यावर, लोखंडी झाकणाखाली."

"झाकणाखाली?" माई म्हणाल्या. "त्याच्यावर तर मौनी बसतो."

दुसऱ्या दिवशी पुन्हा गर्दी, पुन्हा बाबा. माई पुन्हा पहिल्या रांगेत, फक्त या खेपेला त्यांच्या मुठीत मोबाइल होता. मिस्त्री आणि लेक पहाटेच तलावावर गेले होते. वरची चावी त्यांनी बंद केली होती आणि मधला पाइप रिकामा करून टाकला होता.

"समुद्रा, दार उघड," बाबा गरजले. मौनीचे खांदे हलू लागले. बाबांनी वाडगा बुडवला आणि माईंच्या ओंजळीत ओतला.

माईंनी घोट घेतला आणि पचकन थुंकला. "खारट."

बाबांनी दुसरा वाडगा बेकरीवाल्याला दिला. त्याचाही चेहरा आंबला. बाबांनी मागे वळून पाहिलं. मौनीचे खांदे आता बारशाच्या पाळण्यासारखे हलत होते, कपाळावरून घाम निथळत होता.

"आज तुमच्यातल्या कुणाच्या तरी मनात शंका आहे," बाबा म्हणाले. "समुद्राला ती सहन होत नाही."

आणि मौनी बोलला. "महाराज, चाक पूर्ण फिरवलं हो. वरूनच पाणी येत नाहीये."

धक्क्यावरच्या सगळ्या माना एकदम मौनीकडे वळल्या.

"शंका माझ्या मनात आहे," माई म्हणाल्या. "आणि तरीही मी समुद्र गोडा करून दाखवते. तपाबिपाची गरज नाही." त्यांनी मोबाइल कानाला लावला. "हं, बाळ. सोड पाणी."

लोक एकमेकांकडे बघू लागले. बराच वेळ काहीच झालं नाही. मग पायऱ्यांपाशी एक बुडबुडा आला, मग चार, मग पाणी भाताच्या आधणासारखं रटरटू लागलं. ते निवल्यावर माईंनी बाबांच्या हातातून वाडगा काढून घेतला, वरचं पाणी अलगद भरलं आणि बेकरीवाल्यापुढे धरला.

तो प्यायला. "गोडं आहे," तो म्हणाला, आणि वाकून त्याने माईंचे पाय धरले. त्याच्या मागून टपालवालाही वाकला. मागच्या रांगेतून कुणी तरी "माईमाता" असंही ओरडलं.

"ऊठ मेल्या," माई कडाडल्या. "एकाला उतरवलं, तोवर दुसरीला बसवताय? पाया कसले पडता? त्या मौनीला उठवा आधी आणि झाकणाखाली बघा."

मौनी आपणहून उठला. झाकणात हात जाईल एवढं भोक होतं, शालीखालून तो तिथूनच चाक फिरवत होता. झाकण निघालं, चाक दिसलं. माईंनी सगळं उलगडून सांगितलं. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, म्हणून ते वर तरंगतं, आणि वाडगा वरवर बुडवला की तेवढंच हाती लागतं. भरती संपून ओहोटी लागण्याआधी समुद्र जरा वेळ थबकतो, तेव्हा ते लवकर मिसळत नाही. बाबांचा रोज बदलणारा मुहूर्त तोच. भरतीच्या वेळा बंदराच्या फाटकावर फळ्यावर लिहिलेल्या असतात, ज्यांना वाचता येतं त्या सगळ्यांसाठी.

मग प्रत्येकाला ते चाक फिरवून बघायचं होतं. टपालवाल्याने फिरवलं, समुद्र खारट झाला. त्याच्या बायकोने उलटं फिरवलं, गोडा झाला. त्या सकाळी धक्क्यावर निदान पन्नास बाबा होऊन गेले. खरे बाबा त्या गडबडीत कुठल्या वाटेने गेले ते कुणालाच दिसलं नाही. चमत्कार म्हणायचाच तर तेवढा एक घडला.

"मीही फसले," माई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "लाज वाटते, पण सांगते. आणि तुमच्यातल्या काही जणांना मी बरोबर ओढलं, त्याची जास्त लाज वाटते. कुणी अद्भुत काही दाखवलं तर जरूर बघा, फक्त विचारा, हे येतं कुठून? विचारलेलं ज्याला चालत नाही, त्याच्या हातचं पाणी पिऊ नका. माझ्या लेकीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, मला माहीत नाही, मोजून सांगते. मी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. मोजून घेतलं, म्हणून आज उभी आहे."

लोक पांगले. बेकरीवाला मात्र पायरीवर बसून राहिला. चप्पल काढून तो आपल्या अंगठ्याकडे बघत होता. पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर भीती दिसत होती, आणि ती बघून माईंना बरं वाटलं.

"माई," त्याने विचारलं, "गोळ्या आजपासून सुरू करू ना? किती घेऊ? तुम्ही सांगाल तसं."

माईंनी त्याला दंडाला धरून उभं केलं आणि दवाखान्याच्या रस्त्याला लावलं.

"मला विचारू नकोस," त्या म्हणाल्या. "मी ताडपत्र्या शिवते. डॉक्टरांना विचार."